मी नीट लावायला सांगितलेला तक्ता

लॅपटॉपला आवाज आहे याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तो गेला की मात्र लगेच जातं. माझी नोकरी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे आणि तिथे मी सोळा वर्षं बरी रमले आहे.

ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमचं ऑफिस आहे. आवाजाच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसणारा एक छोटा प्रोग्रॅम. तो चिपला सांगतो, आता स्पीकर चालू कर, आता हेडफोन लावलाय, स्पीकर बंद कर. मी स्वतः हल्ली फारसं लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचते. कोणी चार ओळी बदलल्या की त्या माझ्याकडे येतात. मी शंका काढते, ते उत्तरं देतात, आणि समाधान झालं की बदलाच्या खाली एक ओळ जाते : हे मी तपासलं आहे, आणि पुढे माझं नाव. हा कोड सगळ्या जगाला खुला आहे, त्यामुळे ती ओळ पुसता येत नाही. ज्याने लिहिलं त्याचं नाव, ज्याने सुचवलं त्याचं, ज्याने यंत्रावर चालवून पाहिलं त्याचं, सगळ्यांची नावं एकाखाली एक. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. कोणी काय केलं ते लिहिलेलं असलं की भांडणं निम्मी होतात.

मुळात मला लिहिलेलं आवडतं. डोंबिवलीच्या आमच्या घरात फ्रिजच्या दारावर तीन याद्या असतात आणि पर्समध्ये चौथी. नवरा म्हणतो, "यम आला तरी त्याला दारात थांबवशील. म्हणशील, थांबा, आजच्या यादीत तुमचं नाव आहे का बघते." ऑफिसातही माझ्या मॉनिटरच्या कडेला अकरा प्रश्नांचा कागद चिकटवलेला आहे. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर हा बदल टिकतो का? मधली पायरी फसली तर आधीच्या उलटवल्या आहेत का? असे अकरा. कोणताही बदल त्या अकरांतून गेल्याशिवाय माझ्या नावाची ओळ मिळत नाही, असा माझा लौकिक होता. तो लौकिक मीच पसरवलेला होता.

आता तक्त्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. एकच चिप कितीतरी लॅपटॉपवाले घेतात आणि प्रत्येक जण ती आपल्या मर्जीने जोडतो. काहींच्यात स्पीकरला वेगळा ॲम्प्लिफायर असतो आणि तो आधी जागा करावा लागतो. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक तक्ता असतो. डावीकडे मॉडेलचा नंबर, उजवीकडे त्या मॉडेलसाठी वेगळं काय करायचं ते. लॅपटॉप सुरू होताना कर्नल हा तक्ता वरून खाली वाचतो. आपल्याला लागू पडणारी पहिली ओळ सापडली की तिथेच थांबतो, पुढचं वाचत नाही. हे मला सोळा वर्षं माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेला आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गेल्या वर्षी कळलं.

ज्या सहकारणीमुळे ते कळलं, ती गेल्या वर्षीच आमच्याकडे आली. सात वर्षं घरी होती, आधी मुलगी लहान म्हणून, मग सासरे अंथरुणाला खिळले म्हणून. तिच्या मुलाखतीला मी होते. सात वर्षांत बदललेलं सगळं तिने घरी बसून वाचलं होतं, आणि जे येत नव्हतं तिथे "हे मला येत नाही" असं सरळ सांगितलं. तिला सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, काम बघून कायम करू या बोलीवर. एकदा माझ्याशी बोलताना म्हणाली, "ताई, सात वर्षांच्या खड्ड्यानंतर एका जागी विचारलं. ही गेली तर परत कोणी विचारणार नाही." रडगाणं म्हणून नाही, हिशोब सांगितल्यासारखं सांगितलं.

राहायला ती दिवा स्टेशनजवळ. मंगळवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची, कारण त्या दोन दिवशी त्यांच्या बिल्डिंगला दुपारी पाणी यायचं आणि भरायला घरात दुसरं कोणी नसायचं. फोनवर एखाद्या किचकट गोष्टीच्या मधोमध आलो की म्हणायची, "ताई, पाणी आलं. दहा मिनिटं." आणि बरोबर दहा मिनिटांनी जिथे सोडलं होतं त्याच ओळीवर परत. वेळ पाळणारं माणूस मला लगेच आवडतं.

तिच्या कॉन्ट्रॅक्टचे चार महिने झाले असतील. तीन नवी मॉडेलं आमच्या एका जुन्या चिपच्या तक्त्यात घालायचं काम तिच्याकडे होतं. दुपारी आम्ही दोघी डबा खात होतो.

"तू त्यात हात घातलाच आहेस तर सगळा तक्ता नंबरांच्या क्रमाने लाव ना," मी म्हटलं.

"सगळा?"

"अगं, बघवत नाही तो. पाचाच्या खाली दोन, दोनाच्या खाली नऊ. माणसाने शोधायचं कसं?"

"शोधायला सर्च आहे की, ताई."

"सर्च आळशी लोकांसाठी."

ती हसली. मग भेंडी चिवडत म्हणाली, "चालतंय ते वर्षानुवर्षं. कोणीतरी काहीतरी बघूनच लावलं असेल..."

"कोणी बघून बिघून लावलेलं नाही. जो आला त्याने जागा मिळेल तिथे टाकलं. चालतंय म्हणून पसारा ठेवायचा? घरी ठेवशील का?"

"आमच्या घरात पसारा ठेवायलाही जागा नाही," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं. "लावते क्रमाने."

"वेगळा बदल म्हणून पाठव. आणि वर लिही, फक्त क्रम बदलला आहे, कामात काही फरक नाही."

संध्याकाळी तिचा बदल आला. तक्ता इतका देखणा दिसत होता की मी दोनदा वरून खाली नजर फिरवली, एखादीने नुकतंच लावलेलं कपाट उघडून बघावं तशी. मॉनिटरच्या कडेचा कागद मी बघितला नाही. क्रमच तर बदललाय, त्यात काय विचारायचं? लॅबमध्ये दोन लॅपटॉपवर चालवून बघितलं, नेहमीसारखं हेडफोन लावून, कारण आमच्या मजल्यावर स्पीकर लावला तर शेजारचे लोक ओरडतात. वाजलं. मी माझ्या नावाची ओळ दिली. कर्नलच्या आवाजाच्या विभागाचं अंतिम काम बघणाऱ्या परदेशातल्या गृहस्थांनी तो बदल माझ्या नावावर विश्वासून घेतला, आणि काही आठवड्यांनी अपडेटमधून तो लोकांच्या लॅपटॉपवर पोचला.

एका शुक्रवारी कुठल्यातरी दूरदेशीच्या माणसाचा मेल सगळ्यांना दिसेल असा आला. त्याच्या लॅपटॉपचा स्पीकर अपडेटनंतर गप्प झाला होता आणि तिच्या त्या बदलाआधी वाजत होता. मेलच्या शेवटी त्याने विचारलं होतं, चांगलं चालणारं कोण आणि का हलवतं? अर्ध्या तासात आमच्या मॅनेजरने तो मला पुढे पाठवला. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, मी त्याला अरे-तुरे करते. त्याने एकच ओळ लिहिली होती : हे त्यांचंच ना? मंगळवारी त्यांच्या कॉन्ट्रॅक्टचं ठरवायचंय.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. क्रम लावताना हिने एखादी ओळ गाळली असणार, असं आलं. माझ्याकडून काही झालं असेल हे आलंच नाही.

शनिवारी सकाळी कल्याणहून फोन आला. तिथे पश्चिमेला जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारे एक दुकानदार आहेत. आमच्या लॅबमध्ये नसलेली कितीतरी मॉडेलं त्यांच्या कपाटात असतात आणि कर्नलचं नवं व्हर्जन ते हौसेने चालवून बघतात. चाचणी करणारा म्हणून त्यांचं नाव काही बदलांखाली गेलेलं आहे. ते पान ते मोबाइलवर गिऱ्हाइकांना दाखवतात.

"मॅडम, या जरा," ते म्हणाले. "तुम्ही माझी चार पोरं मुकी केलीत."

मी गेले. काउंटरवर चार लॅपटॉप ओळीने उघडे होते, एकाच कंपनीचे.

"स्पीकर गेले असतील," मी बसता बसता म्हटलं.

"चौघांचे? एकाच दिवशी? संप केला काय त्यांनी?" त्यांनी एका लॅपटॉपला हेडफोन लावून माझ्या हातात दिला. "बघा, यात छान वाजतं. जुनं व्हर्जन टाकलं की स्पीकरपण वाजतो. नवीन टाकलं की चिडीचूप. मी तीनदा करून बघितलेलं. चहा सांगितलाय, तुम्ही चौथ्यांदा करा."

मी चौथ्यांदा केलं. तेच झालं. मग माझा लॅपटॉप उघडून तक्ता काढला आणि एक एक ओळ जुन्याशी ताडून बघितली. एकही ओळ गळलेली नव्हती. एकही आकडा चुकलेला नव्हता. तिने जे सांगितलं ते तंतोतंत केलं होतं.

चहा आला तेव्हा मला दिसलं. तक्त्यातल्या बहुतेक ओळी एकेका मॉडेलसाठी असतात, पण एखादी ओळ त्या कंपनीच्या सगळ्याच लॅपटॉपना मोघम लागू पडणारी असते : यांच्यासाठी खास काही लिहिलेलं नसेल तर एवढं करा. अशी ओळ तळाला ठेवायची असते. जुन्या तक्त्यात ती तळालाच होती, कोणीतरी बघूनच ठेवलेली. पण तिचा नंबर शेवटी शून्यं असलेला, त्या कंपनीच्या नंबरांत सगळ्यात लहान. क्रमाने लावल्यावर ती आपोआप वर गेली. आता कर्नल पहिल्यांदा तिलाच गाठत होता आणि तिथेच थांबत होता. खालच्या ओळींत ॲम्प्लिफायर जागा करायचं लिहिलेलं होतं, तिथपर्यंत तो पोचतच नव्हता.

"काय झालं, मॅडम?" दुकानदारांनी विचारलं.

"चूक सापडली. माझी आहे."

"तुमची?" ते खुर्ची ओढून बसले. "हे बरं झालं बाबा. या काउंटरवर लोक येतात ना, त्यांचं पहिलं वाक्य असतं, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं. तुम्ही पहिल्या."

मला हसू आलं, आणि त्या हसण्यामुळेच बहुधा पुढचं सोपं झालं. त्यांच्याच काउंटरवरून मी तिला फोन लावला.

"ताई, मला कळलंय," तिने मी काही बोलायच्या आतच सांगितलं. "काल दुपारीच कळलं. ती मोघम ओळ वर गेली."

"कालच? मग मला फोन नाही केलास?"

"आधी नीट ताडून बघत होते."

"तुला डब्याच्या वेळीच शंका आली होती ना?"

"आलेली थोडी. पक्कं माहीत नव्हतं."

"हे बघ, तू कोणाला काही लिहू नकोस. मी लिहिते."

"मी मेल पाठवला, ताई. सकाळीच. माझी चूक झाली, बदल उलटवून द्या, असं लिहिलंय. माझ्या नावाने गेलंय तर मीच निस्तरायला पाहिजे ना."

मी तिचा मेल उघडला. चार ओळींचा, स्वच्छ. कुठे कोणी सांगितलं, का सांगितलं, एक शब्द नाही. आणि नोंदीत तरी ते कुठे होतं? ते मी भेंडीच्या डब्यावर बोलले होते. ज्याने सुचवलं त्याचं नाव लिहायची एवढी चांगली पद्धत आमच्याकडे आहे, आणि माझं नाव तिथे नव्हतं. ते होतं खाली, तपासणाऱ्याच्या जागी, सगळ्यात प्रतिष्ठेच्या ओळीत. नोंद वाचणाऱ्या कोणालाही दिसलं असतं की एका नव्या बाईने उगाच लुडबुड केली आणि एका अनुभवी बाईने बिचारीने विश्वास टाकला. मंगळवारी मॅनेजर तेच वाचणार होता.

मी तिच्या मेलखाली लिहिलं. तक्ता क्रमाने लावायला मी सांगितलं. तिने शंका काढली होती, ती मी ऐकली नाही. कामात फरक नाही हे वाक्य माझं आहे. तपासताना मी माझे प्रश्न विचारले नाहीत, आणि चाचणी फक्त हेडफोनवर झाली. बदल उलटवताना सुचवणारी म्हणून माझं नाव घाला. पाच वाक्यं लिहायला मला चहाचे दोन कप लागले. सोळा वर्षं ज्या लोकांना मी चुका दाखवत आले ते सगळे हे वाचणार होते.

संध्याकाळी त्या परदेशातल्या गृहस्थांचं उत्तर आलं. उलटवलेला बदल घेतलाय. आता तक्त्याच्या वर दोन ओळी लिहा की इथे क्रमाला अर्थ आहे, म्हणजे पुढच्या नीटनेटक्या माणसाला कळेल. एवढंच. ना टोमणा, ना उपदेश. त्या माणसाला मी कधी भेटलेले नाही, पण भेटले तर या दोन ओळींसाठी हात जोडीन.

मंगळवारी ती पाण्याचा दिवस सोडून ठाण्याला आली. पाणी कोण भरतंय, असं विचारलं तर म्हणाली, "शेजारणीला किल्ली दिलीय." रविवारी बसून तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो आमचे सगळे तक्ते वाचून सांगायचा की वरच्या एखाद्या मोघम ओळीमुळे कुठली खालची ओळ कधी गाठलीच जात नाही. त्यात आणखी दोन ओळी सापडल्या, आम्हा दोघींच्याही आधीच्या. म्हणजे कोणाचे तरी स्पीकर कित्येक वर्षं गप्प होते.

मॅनेजरने तो प्रोग्रॅम बघितला, दोन प्रश्न विचारले, चांगला आहे म्हणाला. मग लॅपटॉप मिटला.

"मेल वाचले मी दोघींचे. तुम्ही एकमेकींना वाचवताय, ते ठीक आहे," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मला एकच सांगा. तुम्हाला शंका आली होती?"

"आलेली."

"मग जोर देऊन बोलला का नाहीत? उद्या कायम झालात, तर मला न बोलणारं माणूस घेऊन काय करायचं?"

"अरे, ती..." मी सुरुवात केली.

"मॅडम, त्यांना बोलू द्या."

तिने पाण्याची बाटली टेबलावर सरळ केली. मला वाटलं, सॉरी म्हणेल आणि संपेल सगळं.

"सर, सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईने सोळा वर्षं इथे असलेल्या ताईंना नाही कसं म्हणायचं, ते मला माहीत नव्हतं. ती माझी चूकच. पण तुम्ही मला सांगा, कॉन्ट्रॅक्टवरच्या कोणीतरी ताईंना आजपर्यंत नाही म्हटलंय का?"

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी मनातल्या मनात नावं मोजली. या सोळा वर्षांत कितीतरी जण आले, गेले, कायम झाले. माझे सगळे शेरे सगळ्यांनी मुकाट मान्य केले होते. मला वाटत होतं, माझं बरोबर असतं म्हणून.

"कोणीच नाही," मी म्हटलं. आणि मग, "हिला ठेव. मला नाही म्हणणारं माणूस आपल्याकडे एकच आहे, आणि तेही पाच मिनिटांपूर्वी तयार झालंय."

तो हसला नाही. "बघतो, वरच्यांशी बोलून सांगतो," म्हणाला. आम्ही बाहेर आलो. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "जास्त बोलले का हो?" मी म्हटलं, "नाही."

बुधवार, गुरुवार काही आलं नाही. त्या दोन दिवसांत माझ्याकडे तपासायला चार बदल आले. प्रत्येकाला शेरा लिहून झाल्यावर मी त्या त्या माणसाच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, यातलं तुला काय पटलं नाही? पहिल्याने दचकून "सगळं पटलं" म्हटलं. मी खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटांनी त्याने सांगितलं की माझा तिसरा शेरा चुकीचा आहे. तो खरंच चुकीचा होता. इतक्या वर्षांत असे किती तिसरे शेरे कोणी गिळले असतील, याचा विचार करत मी त्या संध्याकाळी घरी गेले. पण वाईट वाटलं नाही. उशिरा का होईना, कोणीतरी मला हे दाखवून दिलं, आणि तेही स्वतःची नोकरी टांगणीला लागलेली असताना. माझ्या पक्क्या नोकरीतही मी बोलले नसते. तिच्या जागी असते तर नक्कीच नसते.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. मागे पिंप भरल्याचा आवाज येत होता.

"ताई, लेटर आलं. कायमचं."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. आजूबाजूच्या दोघांनी वळून बघितलं, म्हणजे मोठ्याने बोलले असणार.

"नीट वाचलंस ना?" मी विचारलं.

"दोनदा. त्यात रुजू व्हायची तारीख रविवारची टाकलीय."

"मग सांग त्यांना."

"सांगितलं," ती म्हणाली. "आधी त्यांना सांगितलं, मग तुम्हाला फोन केला."